तराफेवाल्याची कबुली

३ ऑगस्ट, बुधवार

इतिहास मंडळाची कार्यक्रमप्रमुख झाले. म्हणजे झालं असं, की मर्लिनने विचारलं, "यंदा कोण घेतंय?" आणि सगळ्यांनी आपापल्या कॉफीच्या कपात डोकं घातलं. मी तेवढी समोर बघत राहिले. उभा जन्म तिसरीच्या वर्गापुढे काढला की ही खोड लागते.

मर्लिन आमचा अध्यक्ष. आयुष्यभर जनावरांचा डॉक्टर होता, त्यामुळे माणसांशी फार बोलायची सवय नाही. पण आज त्याने आडून आडून सांगितलंच. लिंडालसारख्या एवढ्याशा गावाला दोन दोन संग्रहालयं कशाला, असं नगरपरिषदेत बोललं जातंय. जुनं रेल्वे स्टेशन एक आणि एकखोली शाळा दुसरी. शाळेचं छत गळतं. मागे आम्ही फळ्याखाली बादली ठेवली होती, तर एक पाहुणी मला विचारत होती, ही बादली कोणत्या काळातली? हिवाळ्याच्या आत माणसं फिरकली नाहीत तर शाळेला कुलूप लागणार. मंडळातल्या फिलिसने वसंतात गोधड्यांचं प्रदर्शन भरवलं, त्याला गोधड्या जास्त आणि माणसं कमी. तिला मी "छान झालं हं" म्हणाले होते.

दफनभूमीतला फेरफटका पुन्हा सुरू करायचा, असं मी जाहीर करून टाकलं. दर थडग्याशी आपलं एकेक माणूस जुन्या कपड्यांत उभं राहतं आणि "मी अमुक" म्हणून त्या मेलेल्या माणसाची हकिगत सांगतं. लोक या थडग्याकडून त्या थडग्याकडे जात ऐकतात. पूर्वी आसपासच्या गावांतून गाड्या भरून लोक यायचे. मग तोच तो पहिला पाद्री आणि तीच ती सुईण ऐकून कंटाळले.

यंदा नवं माणूस हवं. कोण, ते माझ्या डोक्यात आहे. आज बोलले नाही.

९ ऑगस्ट, मंगळवार

आज नाव काढलं. निल्स टॉर्व्हिक. फिलिसचं विणकाम थांबलं.

पूल व्हायच्या आधी नदीवर तारेने ओढायचा तराफा होता, तो निल्स चालवायचा. सत्तेचाळीस सालच्या शरदात पलीकडच्या काठावरून लग्न आटोपून मंडळी परत येत होती. भर प्रवाहात तार तुटली, तराफा उलटला. चौघं बुडाली, त्यात रिस्टाडांच्या दोन पोरी. निल्स वाचला. चौकशीत निघालं की तार गंजून आतून कुजलेली होती. गावाने मात्र आपला निकाल आधीच दिला होता, की निल्स लग्नात प्यायला होता. पुढे तो मरेपर्यंत दूध डेअरीच्या भट्टीत लाकडं घालत राहिला. गावाने त्या डेअरीचं लोणी खाल्लं, त्याला कधी "कसा आहेस" विचारलं नाही.

यापेक्षा चांगली हकिगत अख्ख्या दफनभूमीत नाही. अडचण एकच. मंडळाचा जुना नियम आहे: ज्याचं मूल हयात आहे, त्याला थडग्याशी उभं करायचं नाही. आणि निल्सची बोर्घिल्ड आहे.

बोर्घिल्ड म्हणजे आमची ग्रंथपालबाई. लग्न केलं नाही, पुस्तकं आणि बाप सांभाळला. आमचा कुठलाही कार्यक्रम असो, शेवटी प्रश्न विचारा म्हटलं की ती उभी राहायची आणि म्हणायची, "तार कुजलेली होती." व्याख्यान चीज कसं करतात यावर असलं तरी. लोक हसू दाबायचे. मीही दाबलंय. आता ती मेपल कोर्ट वृद्धाश्रमात आहे आणि माणसं ओळखत नाही.

"हयात म्हणजे काय, शेवटी?" मी म्हणाले. "तिला सकाळी स्वतःचं नाव आठवावं लागतं."

"पण नियम आहे ना, आर्डिस," फिलिस म्हणाली.

"नियम कुणाला दुखू नये म्हणून असतो. जिथे दुखणं पोचतच नाही, तिथे नियमाचं लोणचं घालायचंय का?"

छान बोलले. वर्गात बोलायचे तसं. मर्लिन खिडकीबाहेर आपल्या ट्रककडे बघत होता. तिकडेच बघत म्हणाला, "माझी हरकत आहे असं नाही." झालं, मंजूर.

हे लिहिताना मघाचं ते "हयात म्हणजे काय" लिहायला जरा जड गेलं. बोलताना गेलं नव्हतं.

२० ऑगस्ट, शनिवार

सकाळपासून निल्सचं भाषण लिहितेय. आधी खरं ते लिहिलं. तार जुनी होती, मी वर कळवलं होतं, कुणी बदलली नाही. वाचून पाहिलं तर नगरपरिषदेला केलेली तक्रार वाटली. तारेला कोण टाळ्या देणार? लोक उन्हात उभे राहून ऐकणार, त्यांना माणूस हवा.

मग दुसऱ्या तऱ्हेने लिहिलं. नवरीच्या बापाने ब्रँडीचा पेला पुढे केला, मी नको म्हणालो नाही. आणखी एक केला, तेव्हाही म्हणालो नाही. नदीवर आलो तेव्हा समोरच्या एका काठाचे दोन काठ दिसत होते. इथून पुढे हात थांबेना. शेवट असा केला: "चौकशीत मी खोटं बोललो. माझ्या पोरीलाही मी शेवटपर्यंत सांगितलं नाही." हे वाक्य सुचलं आणि माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी कागद घेऊन डुएनच्या दुकानात गेले. डुएन खाटीक आहे, त्याची सॉसेज चार गावं खातात, आणि नाटकाचं भारी वेड. माझा विद्यार्थी. डोक्यावरचे केस गेले तरी मला अजून "बाई" म्हणतो. काउंटरवरच हात पुसून त्याने वाचलं.

"बाई, खरंच प्यायला होता का हो?"

"सगळं गाव म्हणायचं."

"सगळं गाव तर माझे आजोबा सॉसेजमध्ये घोडा घालतात असंही म्हणायचं."

"डुएन, पाठ करणार आहेस की नाही?"

"करतो ना बाई, करतो." आणि ओशाळून मला सॉसेजची माळ बांधून दिली.

त्याने विचारलं तेव्हा मी "नाही" म्हणू शकले असते. तेवढा वेळ होता. एवढं नाटकात चालतं, असं मनाशी म्हटलं आणि सॉसेज घेऊन घरी आले.

२९ ऑगस्ट, सोमवार

डुएनने भाड्याचा कोट आणला, तो सर्कशीतल्या बँडवाल्यासारखा दिसला. स्टेशनच्या संग्रहालयात निल्सचा स्वतःचा कोट काचेमागे आहे, जाड, निळा, पितळी बटणांचा. बोर्घिल्डनेच दिलेला. संग्रहातली वस्तू अंगावर घालायची नाही हे आमच्याकडे पोराबाळांनाही माहीत आहे. काचेवर कुणी श्वास सोडला तरी मीच खेकसते. आज मीच काच उघडली. डुएनला खांद्यात बेताचा बसला. फिलिसला कळलं तर तिला घेरी येईल.

आमंत्रणंही गेली. शाळा, तिन्ही चर्च, रिस्टाड मंडळी. मेपल कोर्टलाही फुकट पास पाठवले, त्यांची स्वतःची बस आहे, चाकाच्या खुर्च्या चढवता येतात. तिथली नर्स ज्युडी फोनवर किती खूश झाली! म्हाताऱ्या माणसांना जरा बाहेरची हवा लागेल. तेवढंच पुण्य.

१४ सप्टेंबर

तालीम. सगळ्यांना एक गोष्ट बजावली: ऐकणाऱ्यांतून कुणी मध्येच काही विचारलं तर सोंग सोडायचं नाही. गांगरून माझ्याकडे बघायचं नाही. त्या मेलेल्या माणसाच्या तोंडून जे उत्तर येईल ते द्यायचं आणि पुढे जायचं. डुएनला हे लगेच जमलं. पाद्री झालेला मात्र "सॉरी, मला माहीत नाही" म्हणाला.

येताना मेपल कोर्टवरून आले. आत जायचं मनात होतं. माझा नवरा रॉडनी अंथरुणाला खिळला होता तेव्हा बोर्घिल्ड दर आठवड्याला यायची आणि त्याला घोडेस्वारांच्या गोष्टी वाचून दाखवायची. चुंबनाचं पान आलं की न सांगता उलटायची. रॉडनी मला डोळा मारायचा. पण आज खुर्च्या आणायच्या होत्या. कार्यक्रम झाला की नक्की जाईन.

२४ सप्टेंबर, शनिवार

लोकच लोक. गाड्या थेट धान्याच्या कोठारापर्यंत लागल्या होत्या. मेपल लाल झालेत, ऊन होतं, चर्चच्या बायकांची सॉसेज दुपारीच संपली. मर्लिन चक्क हसत होता. कुणीतरी मला म्हणालं, "आर्डिस, शाळेचं छत घातलंस म्हण." असा दिवस मला पुन्हा बघायला मिळणार नाही, हे तेव्हाच वाटत होतं.

निल्सच्या थडग्याशी सगळ्यात दाट गर्दी. डुएनने काय सांगितलं! दुसऱ्या पेल्यापाशी बायका रडायला लागल्या. ग्लेन रिस्टाड टोपी काढून उभा होता. ज्या दोन पोरी बुडाल्या त्या त्याच्या आत्या. "माझ्या पोरीलाही मी शेवटपर्यंत सांगितलं नाही," डुएन म्हणाला आणि खाली बघितलं.

तेव्हा मागून आवाज आला. "बाबा?"

चाकाची खुर्ची, मांडीवर कांबळं, कानापर्यंत ओढलेली टोपी. मी आवाज ओळखला. ग्रंथालयात कुजबुज झाली की तो आवाज यायचा. डुएनच्या डोळ्यांवर ऊन होतं, त्याने नाही ओळखला.

"बाबा, तुम्ही प्यायला होतात?"

मी तिथेच होते, हाकेच्या अंतरावर. ओरडायला हवं होतं. मी डुएनकडे बघितलं आणि मला एवढंच वाटलं, की आता हा गांगरतोय की काय.

तो गांगरला नाही. शिकवलं तसंच केलं त्याने. हात पसरले आणि म्हणाला, "हो पोरी. प्यायलो होतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, म्हातारी नाटकातलीच आहे. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "हे तर फारच छान बसवलंयस!"

ज्युडीने खुर्ची वळवून बसकडे नेली. मी त्यांच्या मागे गेले नाही. पुढचा घोळका यायचा होता.

२५ सप्टेंबर, रविवार

चर्चच्या तळघरात कॉफी आणि भोपळ्याच्या वड्या. ज्याच्या त्याच्या तोंडी निल्स. ग्लेन रिस्टाडने माझा हात दोन्ही हातांत धरला. "आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. पण कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. तू बोललीस."

मी म्हणाले, "थँक्यू."

नंतर डुएनने मला कोपऱ्यात गाठलं. रात्रभर झोपला नव्हता बहुतेक. "बाई, ती बोर्घिल्डबाई होती. मला वाटलं कुणी आजीबाई गंमत करतेय. मी तिला काय बोलून बसलो!"

"तिच्या काही लक्षात राहणार नाही," मी म्हणाले. "आत्तापर्यंत विसरलीही असेल."

मी वडी खाल्ली. दुसरीही खाल्ली. फिलिस माझ्याकडे बघत होती, तिच्या नजरेला नजर देववेना.

२९ सप्टेंबर, गुरुवार

ज्युडीचा फोन. बोर्घिल्ड शनिवारपासून जेवणघरात येत नाही. तिथे इडा रिस्टाड बसते, त्या बुडालेल्या पोरींची धाकटी बहीण. दोघी कितीतरी दिवस शेजारी शेजारी जेवायच्या, आपण कोण ते एकमेकींना आठवत नसल्यामुळे गुण्यागोविंदाने. आता बोर्घिल्डला आठवतंय. सकाळी काय खाल्लं ते तिला सांगता येत नाही, ज्युडीचं नाव येत नाही, पण बाबांनी स्वतःच्या तोंडाने काय सांगितलं ते येतं. खोलीत ताट नेलं तर म्हणते, "मी कुठल्या तोंडाने जेवू?" पोटात जवळजवळ काही नाही.

"तुम्ही याल का?" ज्युडी म्हणाली. "तुमची ओळख होती ना?"

जिथे दुखणं पोचतच नाही, म्हणाले होते मी. मर्लिन, फिलिस, सगळ्यांसमोर. इतकं ठासून. माझी जीभ झडली कशी नाही तेव्हा!

२ ऑक्टोबर, रविवार

गेले. फुलं नेली, ती ठेवायला कुठे जागा शोधत राहिले, म्हणजे बोलायला उशीर व्हावा.

केवढीशी झालीय ती. माझ्याकडे बघून सभ्यपणे हसली. "पुस्तक परत करायला आलात का?"

"बोर्घिल्ड, मी आर्डिस. रॉडनीची बायको. तू त्या दिवशी दफनभूमीत ऐकलंस ना, ते मी लिहिलं होतं. सगळं माझ्या मनचं. तुझे बाबा प्यायले नव्हते. तार कुजलेली होती."

तीच तार. किती वर्षं ती हेच सांगत होती आणि आम्ही कपात तोंड घालून हसत होतो. आज मी सांगत होते आणि ती मान हलवत होती, वेंधळ्या पोराला समजावतात तशी.

"तुम्ही चांगल्या आहात," ती म्हणाली. "पण मी तिथे होते हो. बाबांनी मला स्वतः सांगितलं. मी विचारलं, बाबा प्यायला होतात? तर म्हणाले, हो पोरी." तिने कांबळ्याची कड घट्ट धरली. "मी किती लोकांशी भांडले. ती माणसं खरं बोलत होती. आता कुणाकुणाच्या पाया पडू?"

मी पुन्हा सांगितलं. मोठ्याने सांगितलं. तेव्हा ती घाबरली आणि ज्युडीला हाक मारायला लागली. ज्युडीने मला बाहेर जायला सांगितलं, अगदी गोड शब्दांत.

गाडीत बसून रडले. माझ्यासाठीच रडले असणार. तिच्यासाठी रडायचं असतं तर आमंत्रण पाठवलं तेव्हाच रडले असते.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

मंगळवारी मंडळाची बैठक झाली. नगरपरिषद शाळेचं छत करून देणार आहे. फेरफटक्याचा दुसरा प्रयोग व्हावा असं सगळ्यांचं म्हणणं. मी उभी राहिले आणि सांगून टाकलं: कबुली मी रचली, कोट मी काढला, पास मी पाठवले. आपल्या साप्ताहिकात तसं छापून आणायचं.

फिलिस एवढंच म्हणाली, "कोट घड्यांवर विरलाय. मी पाहिलाय." तिला कधीचंच माहीत होतं.

मर्लिन माझ्याबरोबर गाडीपर्यंत आला. "तो नियम मीच लिहिला होता, आर्डिस. मीच खिडकीबाहेर बघत बसलो." मला एकदम बरं वाटलं, की चला, निम्मं ओझं याचं. मग त्या बरं वाटण्याचीच किळस आली.

खुलासा आजच्या अंकात आला. आपल्या नावाने, सरळ शब्दांत लिहिलाय. संध्याकाळी मासळी खायला खानावळीत गेले, तर ग्लेन रिस्टाड उठून टेबलाशी आला.

"कुणी दम दिला तुला? मंडळाने?"

"कुणी नाही, ग्लेन. मीच बनवलं होतं ते. तो प्यायल्याचा काही पुरावा नाही. तार कुजली होती."

"हो हो," तो म्हणाला आणि माझा खांदा थोपटला. "असं म्हणावंच लागतं. आम्हाला कळतं." जाऊन माझ्या टेबलावर ब्रँडीचा ग्लास पाठवला. मी तो प्यायले नाही. पण परतही पाठवला नाही, तसाच ठेवून सगळ्यांच्या देखत जेवले.

खोटं सांगितलं तेव्हा गाव रडलं. आता खरं सांगतेय तर थोपटतायत.

११ ऑक्टोबर, मंगळवार

एकच उपाय दिसतोय. ती माझं ऐकत नाही, ज्युडीचं ऐकत नाही, ती बाबांचं ऐकते. मग बाबांनीच जाऊन सांगितलं पाहिजे.

डुएन मांस कापत होता. माझं ऐकून सुरी खाली ठेवली.

"नाही बाई. माफी मागायला येतो. डुएन म्हणून येतो, पाया पडतो तिच्या. पण पुन्हा तो नाही होणार."

"डुएन म्हणून ती तुला कुठे ओळखते?"

"एकदा मेलेल्या माणसाला बोलतं केलं, त्याचं काय झालं बघितलंत ना? आता परत तेच?"

"या वेळी खरं बोलायचंय."

"त्याच्या जागी उभं राहून मी जे बोलेन ते खरं कसं होईल, बाई?"

मी म्हणाले, "ती जेवत नाहीये, डुएन." त्याने मांस कापायचा लाकडी ठोकळा पुसून काढला. मग म्हणाला, "शनिवारी दुकान लवकर बंद करतो."

मला तो नाही म्हणू शकत नाही, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच गेले.

१५ ऑक्टोबर, शनिवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

डुएन अंघोळ करून आला होता, तरी अंगाला मिऱ्यांचा वास होता. कोट फिलिसने स्वतः आणून दिला. खांद्याची शिवण तिने आतून टाचली होती. ज्युडीने दार लोटून घेतलं. मी पडद्याशी उभी राहिले.

बोर्घिल्ड खुर्चीत होती. त्याला पाहिलं आणि तिचा चेहरा लहान मुलीचा झाला. "बाबा. आलात."

डुएन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. मी लिहून दिलं होतं, पण ते त्याने म्हटलं नाही, आपल्याच शब्दांत बोलला. "पोरी, त्या दिवशी मी खोटं बोललो. मी प्यायलो नव्हतो. तार कुजली होती. लोकांसमोर मला काय झालं कोण जाणे, मी भलतंच बोललो. तू लोकांना सांगायचीस तेच खरं होतं."

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, झालं, सुटलो.

मग तिने त्याचा हात धरला. "बाबा, आता परत नका ना."

"काय नको?"

"हेच तुम्ही आईला सांगायचात. तिला सांगून सांगून दमलात, मग मला सांगायला लागलात. तार, तार, तार. मी लहान होते, मी म्हटलं, माझे बाबा म्हणतात ना, मग तसंच असणार. मी सगळ्या गावाशी भांडले त्याच्यावर. लोक मला हसायचे, मला दिसायचं ते." तिने त्याच्या हातावरून हात फिरवला. "त्या दिवशी तुम्ही एवढ्या माणसांत कबूल केलंत. मला खूप लागलं. चार दिवस मला काही सुचेना. पण बाबा, तुम्ही मला पहिल्यांदा खरं सांगितलंत. आता ते परत घेऊ नका. मी माफ केलंय तुम्हाला."

डुएनने मान वळवून माझ्याकडे बघितलं. सोंग सोडायचं नाही, हे मीच शिकवलं होतं, आणि तो पहिल्यांदा गांगरून माझ्याकडे बघत होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी नुसती उभी राहिले.

"बरं, पोरी," तो म्हणाला.

"चला," ती म्हणाली. "जेवायला चला माझ्याबरोबर."

त्याने तिची खुर्ची ढकलत जेवणघरात नेली. मी मागून गेले. इडा रिस्टाड खिडकीजवळ बसली होती, सूप गार झालेलं. बोर्घिल्डने खुर्ची तिच्यासमोर थांबवायला लावली आणि ग्रंथालयातल्या त्या स्वच्छ आवाजात म्हणाली, "हे माझे बाबा. तुमच्या बहिणी यांच्यामुळे गेल्या. ते प्यायले होते. पण त्यांनी कबूल केलंय."

इडाने वर बघितलं. तिला किती कळलं देव जाणे. तिने टेबलावरचा आपला रुमाल उचलून जागा करून दिली आणि डुएनला म्हणाली, "बसा की. उभे का?"

बोर्घिल्ड जेवली. बटाटे, मटार, सगळं. ज्युडी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "केवढं काम केलंत तुम्ही! बघा, कशी शांत झालीय." खरंच झाली होती. इतकी शांत मी तिला कधी पाहिली नव्हती.

डुएनने कोट घडी करून माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला आणि निघून गेला. मला "बाई" म्हणाला नाही.

निल्स टॉर्व्हिकच्या बाजूने बोलणारं या गावात एकच माणूस उरलं होतं, आणि आज ते माणूस पोटभर जेवून, बापाला माफ करून झोपलं. ती तार कुजलेली होती, हे सांगणारी आता मी एकटीच आहे. आणि माझं कोण ऐकणार?